बाटली कुणी भरली?

पंचगंगेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या प्रकरणात पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाने संयुक्त समिती नेमली होती. अर्जदार शिरोळ तालुक्यातले शेतकरी, मी त्यांचा वकील. पाहणीची तारीख आठ दिवस आधीच सगळ्यांना कळवलेली. आम्ही पोहोचलो तेव्हा नाल्यात करंगळीएवढी धार होती. काठच्या दगडांवर मात्र गुडघाभर उंचीपर्यंत मळीचा तपकिरी पट्टा, अजून ओला.

नमुना घेतला तो नाला नदीला मिळाल्यावर शंभरेक पावलं खाली, मधल्या धारेतून. तिथं घाण पातळ झालेली असते. बर्फाची पेटी नव्हती. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू; त्याचा नमुना चार अंशांपर्यंत थंड ठेवावा लागतो. तापलेल्या गाडीत जिवाणू वाटेतच सेंद्रिय घाण खातात आणि प्रयोगशाळेत 27 अंशांवर तीन दिवस ठेवून काढलेला आकडा कमी येतो. विरघळलेला प्राणवायू मोजायच्या बाटलीत जागेवरच रसायन घालायचं असतं, तेही राहिलं. नमुना घेणारं खातं या प्रकरणात प्रतिवादीही होतं.

पंचनाम्यावर सही करताना मी खाली लिहिलं: ‘नमुना नाल्यातून नाही, नदीतून. बर्फ नाही.’ ती जागा कधीही कोरी सोडू नये, नंतर तोंडी सांगून काही भागत नाही.

अहवाल आला: ‘लक्षणीय सांडपाणी आढळून आले नाही.’

न्यायालयीन स्वातंत्र्याचा विषय निघाला की आमच्यात नेमणुका आणि मुदतीवर बोलणं होतं. ते हवंच. मुदत आखूड आणि फेरनेमणूक सरकारच्या हाती असेल, तर सरकारविरुद्ध लिहिताना हात आखडतो. न्यायाधिकरणांच्या सदस्यांना चारच वर्षं देणाऱ्या 2021 च्या कायद्यातल्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये रद्द केल्या. पण पीठ कितीही निर्भीड असलं, तरी बाटली प्रतिवादीने भरलेली असेल तर त्याच्यापुढे पुरावा तेवढाच उरतो.

हरकत प्रतिज्ञापत्रावर दिली. ओल्या पट्ट्याचे वेळ आणि अक्षांश-रेखांश दाखवणारे फोटो जोडले, पंचनाम्याची प्रत जोडली. सोबत गुजरातमधल्या एका प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल: समितीची मदत घेता येते, निवाडा मात्र न्यायाधिकरणानेच करायचा.

पीठाने फेरपाहणीचा आदेश दिला. न कळवता, नाल्याच्या तोंडाशी आणि नदीत वर व खाली अशा तीन ठिकाणी, सीलवर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन. ती पहाटे झाली. तोंडाशी बीओडी लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. प्रकरण अजून चालू आहे.