ताऱ्यांनाच ‘अनेक’ म्हणतात का?

“टीचर, यूट्यूबवर आता एवढं नवंनवं आहे, तरी तुम्ही दरवर्षी मुलांना ती चिमण्यांची जुनी फिल्मच का दाखवता?”

हा प्रश्न मला पालक विचारतात, सरावपाठ घ्यायला येणाऱ्या मुली विचारतात. एकदा शाळा तपासायला आलेल्या बाईंनीही विचारला आणि “एकात्मतेसाठी ना?” असं उत्तरही त्यांनीच सुचवलं. मी मान डोलावली, कारण चहा निवत होता. खरं उत्तर त्यापेक्षा लांब आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी फिल्म कुठली ते. तिचं नाव ‘एक अनेक और एकता’, पण त्या नावाने ती कुणाला आठवत नाही. ‘एक चिडिया, अनेक चिडियाँ’ म्हटलं की चाळिशी ओलांडलेला माणूस लगेच पुढचं गुणगुणायला लागतो. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेलं हे जेमतेम सात मिनिटांचं कार्टून. एक दीदी लहान मुलांना गोष्ट सांगते. पारध्याच्या जाळ्यात अडकलेल्या चिमण्या एकदम भरारी घेतात, जाळ्यासकट उडून जातात आणि त्यांचे दोस्त उंदीर जाळं कुरतडतात. गोष्ट पंचतंत्रातली, पण तिथे कबुतरं आहेत. आमच्या आजीला त्यांच्या राजाचं चित्रग्रीव हे नाव आणि उंदराचं हिरण्यक हे नाव पाठ होतं. टीव्हीवर चिमण्या बघून तिने तोंड वाकडं केलं होतं. “चिमण्यांना कुठलं एवढं बळ? कबुतरंच हवीत.”

दिग्दर्शन विजया मुळे यांचं. शिक्षण खात्यात नोकरी आणि फिल्म सोसायटीच्या चळवळीत जीव, अशा या बाई. त्यांना ओळखणारे सगळे त्यांना ‘अक्का’ म्हणत, हे मला फार उशिरा कळलं. दीदी बनवणारी अक्का! चित्रं भीमसेन यांची, आणि संगीत वसंत देसाईंचं. म्हणजे आमच्या शेजारच्या, सावंतवाडी संस्थानच्या मुलखात जन्मलेल्या माणसाचं. ती चाल मला पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीची का वाटली असेल, याचं उत्तर मी तिथे शोधते. पुरावा काही नाही, फक्त माझं आजोळ सावंतवाडीचं.

आमचा गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. १९८६ साली आमच्या वाड्यावर टीव्ही एकच, पलीकडच्या घरातला. लाकडी पेटीला सरकती दारं, वर क्रोशाचं फडकं. पणजीला आल्तिनोच्या टेकडीवरून निघालेलं चित्र आमच्याकडे पोचेपर्यंत दमून जायचं, आणि जे पोचायचं त्यावरही खाणीची तांबडी धूळ बसली आहे असं वाटायचं. वारा सुटला की कुणीतरी कौलांवर चढायचं. वरून “आयलें?” आणि आतून आम्ही पंधरा पोरं एका सुरात “ना!” असं तीन-चारदा झालं की एकदम चेहरे उमटायचे. चिमण्यांची फिल्म वेळापत्रकात नसायची. दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की लागायची, म्हणजे देवासारखी, केव्हाही. कुणीतरी “चिडिया!” असं ओरडलं की विहिरीवरची मुलंसुद्धा धावत यायची.

हिंदी आम्हाला येत नव्हतं. घरी कोंकणी, शाळेत मराठी, पूजेला संस्कृत. हिंदीचा पहिला धडा मला त्या फिल्मने दिला, आणि तोही व्याकरणाचा: गिलहरी–गिलहरियाँ, तितली–तितलियाँ, चिडिया–चिडियाँ. पुढे पाचवीत हिंदीच्या बाईंनी अनेकवचन शिकवायला घेतलं तेव्हा अख्खा बाक गाऊ लागला. बाईंना वाटलं, चेष्टा चालली आहे.

पण मी ती फिल्म दाखवते ते यातल्या कशासाठीच नाही.

तिच्यात सुरुवातीला एक अगदी छोटा प्रसंग आहे. एक पोर दीदीला विचारतं, अनेक म्हणजे काय? दीदी सांगते, पुष्कळ. आपण सगळे मास्तर असंच सांगतो, शब्दाला शब्द देतो आणि पुढे जातो. पण पोर पुढे जाऊ देत नाही. पुष्कळ? काय पुष्कळ? मग दीदी वर आकाशाकडे नेते. सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक. इथे कुठलाही सामान्य लेखक पोराला “समजलं!” म्हणायला लावेल. या फिल्ममधलं पोर विचारतं, म्हणजे ताऱ्यांना अनेकसुद्धा म्हणतात का?

काय सुंदर चूक आहे! सूर्याला सूर्य म्हटलं, चंद्राला चंद्र, आणि तारे आल्यावर एक नवा शब्द आला. मग तो ताऱ्यांचंच दुसरं नाव असणार. तर्कात कुठेही खोट नाही, खोट आहे ती उदाहरणात. दीदीचं ते एकच उदाहरण अपुरं पडलं. आणि दीदी ते ओळखते. हसत नाही, ओरडत नाही. नाही नाही, परत बघ, म्हणते. तरी मुलांचं समाधान होत नाही, नीट सांग ना, असा धोशा लागतो. तेव्हा कुठे त्या खारी येतात, फुलपाखरं येतात आणि मग चिमण्या. म्हणजे जे गाणं आपण आयुष्यभर गुणगुणतो, ते मुळात दीदीचा तिसरा प्रयत्न आहे.

हे मला लहानपणी कळलं असेल असं नाही. डी.एड. करताना, बालकांच्या चुकीच्या संकल्पना असं काहीतरी भयंकर शीर्षक असलेलं टिपण पाठ करताना एकदम आठवलं. आणि त्याबरोबर आणखी एक आठवलं. दुसरी-तिसरीत असेन. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन म्हणजे बेट, असं गुरुजींनी शिकवलं. मी विचारलं, “मग पावसात आमचं तुळशीवृंदावन बेट होतं का?” आमचं अंगण खोलगट, जुलैत घोट्याएवढं पाणी भरायचं, मधे वृंदावन कोरडं. वर्ग हसला. गुरुजी हसले. नंतर पूर्ण वर्षभर मला ‘बेट’ म्हणत. मी त्या वर्षी परत प्रश्न विचारला नाही. ते गुरुजी माणूस म्हणून वाईट नव्हते. पण त्यांनी चिमण्यांची फिल्म पाहिली होती की नाही, असा विचार अजून माझ्या मनात येतो.

आता दुसरी गोष्ट, जी तपासणीच्या बाईंना सांगता येत नाही.

१९८६ सरता सरता गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलं. कोंकणी की मराठी. रस्ते अडवले गेले, माणसांचे जीव गेले. बाबा मराठीच्या सभांना जायचे. टीव्हीवाले काका कोंकणीच्या बाजूचे. दोघं एकाच देवळाचे, एकाच पालखीला खांदा देणारे, आणि गंमत अशी की मराठीच्या बाजूने बाबा वाद घालायचे तो चोख कोंकणीत. एका रात्री आमच्या पडवीत आवाज चढले, आणि सकाळपासून दोन घरांमधलं बोलणं बंद झालं. वाड्यावरची बाकीची घरंही हळूहळू या किंवा त्या बाजूला गेली.

आम्हा पोरांना कुणी काही सांगितलं नाही. आम्ही आपले संध्याकाळी नेहमीसारखे गेलो. काकी दारात आली. आत घेतलं नाही. “टीव्ही इबाडला गो,” म्हणाली. आम्ही परत फिरलो. अंगणाच्या कडेला माडापर्यंत आलो असू, तेवढ्यात आतून गाणं सुरू झालं. चिडियाचं. माझ्या धाकट्या भावाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “दुरुस्त झाला?” मी म्हटलं, नाही, आवाजच दुरुस्त झालाय, चित्र नाही. तिथेच माडाला टेकून आम्ही पूर्ण ऐकलं. पाठ असलेल्या फिल्मला चित्र लागत नाही. सगळेजण एक असल्याचं ते शेवटचं गाणंही ऐकलं आणि घरी आलो.

मला काकीचा राग आला नाही हे सांगते, कारण खोटं बोलताना तिची नजर खाली होती. राग बाबांचा आला होता, आणि तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. देवनागरीतली कोंकणी राजभाषा, आणि सरकारी कामकाजाला मराठीही चालेल, अशी तोड. मोठ्यांचं समाधान झालं नाही. किंवा झालं असेल, पण बोलणं सुरू करायला कुणी पहिला तयार नव्हता.

मे महिन्यात मुलांनी वेगळीच भानगड केली. काकांच्या कुंपणाला लागून मानकुरादाचं झाड होतं, खालच्या फांद्या मोकळ्या झालेल्या, वरच्या लगडलेल्या. फिल्ममध्ये शेवटी मुलं विचारतात की आपणही एक झालो तर या झाडाचे आंबे काढता येतील का, आणि दीदी म्हणते, येतील की, पण युक्ती लढवावी लागेल. आम्ही युक्ती लढवली. खाली चौघे, त्यावर दोघे, सगळ्यात वर मी, कारण वजनाने हलकी. खालच्या चौघांत काकांचा मुलगाही होता. त्याला आम्ही बोलावलं की तो आपणहून आला, आठवत नाही. माझा हात देठाला लागला आणि त्याच क्षणी खालच्या कुणाला तरी हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, चावले. हनुवटीला तीन टाके पडले. बोट फिरवलं तर खूण अजून लागते.

रक्त बघून काका बाहेर आले, स्कूटर काढली आणि मला पुढे उभी करून डिचोलीला डॉक्टरकडे नेलं. वाटेत चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी डॉक्टरच्या फीचे पैसे पाकिटात घालून माझ्याकडेच देऊन पाठवले. काकांनी पाकीट न उघडता परत दिलं, बरोबर पिशवीत सहा मानकुराद. बाबांनी आंबे खाल्ले, कोयसुद्धा चोखली, पण बोलले नाहीत. महिनाअखेरीस, ३० मे रोजी, गोवा घटक राज्य झालं. त्या वर्षीच्या दिवाळीत बाबांनी आमच्या घरी टीव्ही आणला. त्यानंतर पलीकडे जायचं कारणच उरलं नाही. चिडियाची फिल्म आमच्याकडेही लागायची, चित्र तर जास्त स्वच्छ. पण “ना!” ओरडायला आम्ही दोघंच.

बाकीच्या शैक्षणिक कार्यक्रमांबद्दलही विचारता म्हणून थोडक्यात. मामाकडे पुढे कधीतरी बालचित्रवाणी बघितली, पुण्याची, १९८४ साली सुरू झालेली. तिची शीर्षकधून अजून कानात आहे. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली तेव्हा हळहळ वाटली, मात्र ते कार्यक्रम मला जरा शाळेसारखेच वाटायचे. नव्वदच्या दशकात युनिसेफची मीना आली. राम मोहन यांच्या हाताखाली घडलेली, खांद्यावर मिठू पोपट. घरची कामं पडतात म्हणून मीनाला शाळेत जाता येत नाही, तर पोपट खिडकीत बसून धडा ऐकतो आणि तिला शिकवतो. मग कोंबड्या मोजताना एक कमी भरते आणि चोर सापडतो. ही गोष्ट मी मुलींच्या पालकांना हमखास दाखवते. पण वर्गात चालवायला मीना मला थोडी जड जाते. ती फार शहाणी आहे. तिचं चुकत नाही.

आणि हल्लीची मोबाइलवरची कार्टूनं. त्यांना सरसकट नावं ठेवणारी मी नव्हे, काहींची चित्रं अप्रतिम असतात. माझी एकच तक्रार. त्यातली बाहुली पडद्यातून विचारते, “सांगा बरं, निळा रंग कुठे आहे?” मग दोन-तीन सेकंद डोळे मिचकावते आणि म्हणते, “शाब्बास!” समोरचं मूल काय बोललं ते तिला ऐकू आलेलं नसतं. त्याने लाल म्हटलं तरी शाब्बास.

म्हणून जूनमध्ये नवी पुस्तकं वाटून झाली की मी ती सात मिनिटं लावते. रंगीत असते ती आता. लहानपणी मी मनात भरलेला एकही रंग जुळला नाही. पटावर मुलं कमी, त्यातली निम्मी घरी कोंकणी बोलणारी, काहींच्या घरी कन्नड, दोघांच्या घरी हिंदी. यंदा मी ताऱ्यांच्या जागी फिल्म थांबवली आणि विचारलं, “तुम्ही सांगा, अनेक म्हणजे काय?” एक मुलगी कोंकणीत म्हणाली, “जायते.” कन्नड घरातला मुलगा म्हणाला, “आमच्यातपण अनेकच म्हणतात,” आणि सगळ्यांकडे अभिमानाने बघितलं. मग मागच्या बाकावरच्या एकाने, जो पहिला आठवडाभर तोंड उघडत नव्हता, हात वर केला.

“टीचर, पाऊस एक की अनेक?”

बाहेर पत्र्यावर धो धो चालला होता. मी सूर्य म्हणून बघितलं, चंद्र म्हणून बघितलं, थेंबांचा आधार घेतला, तो म्हणाला, “थेंब नाही, पाऊस.” कुणी हसलं नाही. आम्ही सगळेच दाराबाहेर बघत बसलो, फिल्म तिथेच थांबलेली. तेवढ्यात मध्यान्ह आहाराची बाई छत्री झटकत आली, टोपलीत पाव. त्याने एक उचलला, टोपलीकडे बघितलं, आणि मला म्हणाला, “पावाचंपण तसंच आहे, टीचर.”