चवथीआधीची निळी भिंत

चवथीला नऊ दिवस असताना गोव्यात डिचोलीतल्या एका जुन्या घरातून रंगकामाचं बोलावणं आलं. नातवाला गणपतीमागची भिंत गडद नेव्ही ब्लू हवी होती. आजी म्हणत होत्या, "देवाच्या पाठीमागं काळोख कशाला करतोस रे?"

ती भिंत जांभ्या चिऱ्याची आणि पावसाचा मारा बसणाऱ्या बाजूची. खाली वीतभर लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा पांढरा क्षार, दिसत होता. मी तिथं प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून पाहिला तर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब. ओल भिंतीतूनच येत होती. वरून प्लॅस्टिक पेंट मारला असता तर ती कोंडून फोड आले असते, आणि गडद रंगावर त्या क्षाराचा पांढरा डाग लांबूनही दिसतो. मी सरळ सांगितलं, "या भिंतीला मी निळा रंग मारणार नाही. पैसे गेले तरी चालतील." नातवाचा चेहरा पडला.

आजींनीच विचारलं, "आमच्यावेळी चुन्यात नीळ घालायचे, ते चालेल?" चालेल म्हटलं. चुन्यातून ओल बाहेर पडते. शिवाय नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, ती चुन्यात टिकते. प्रशियन ब्लू नावाचा दुसरा निळा रंग तिथं टिकत नाही. देवामागं चुना आणि बाजूच्या आतल्या कोरड्या भिंतीला नेव्ही ब्लू, असं ठरलं.

त्या भिंतीवर पुट्टी, घासकाम आणि करड्या रंगाचा प्रायमर आधीच झाला होता. पांढऱ्या प्रायमरवर गडद निळ्याचे हात वाढतच जातात. पहिला हात सकाळीच मारून झाला. दुपारी खिडकीतून ऊन तिरपं आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. भिंतीच्या मधोमध उभी रेघ! दोन डबे, शेडचा नंबर एकच, पण एक किंचित जांभळट. ही चूक माझीच. गडद रंगात सगळे डबे आधी एका ड्रममध्ये ओतून ढवळायचे, हे मी दुसऱ्यांना शिकवतो, आणि त्या दिवशी घाईत विसरलो.

उरलेले डबे एकत्र केले. पावसाळी हवेत हा रंग फार सावकाश सुकतो, म्हणून पंखे लावून संध्याकाळपर्यंत थांबलो. मग जोडीदार कोपऱ्यांना ब्रश आणि मी मागोमाग रोलर, वरून खाली, कड ओली असतानाच पुढचा पट्टा. मध्ये चहालाही थांबलो नाही. ओला असताना रंग फिका दिसत होता, नातू दोनदा येऊन विचारून गेला. सुकल्यावर होईल गडद, म्हटलं. झालाही, आणि रेघ बुडाली.

दुसऱ्या दिवशी दिव्याची वेळ झाली तेव्हा आजी पितळी समई घेऊन आल्या. ट्यूबलाइट बंद करायला लावली. निळ्या भिंतीपुढं पितळ असं उजळलं की त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ही भिंत पुसायची कशी?"

"मऊ कोरड्या फडक्यानं, हलकेच. घासलीत तर मॅट रंगावर चकाकी धरेल."

"बरं," म्हणाल्या, आणि नातवाला समई त्याच बाजूला ठेवायला सांगितली.