भीती मागच्या गाडीची, धोका चौकात

सायकलने कामावर जायचं म्हटलं की सगळ्यांना धास्ती असते ती मागून येणाऱ्या गाडीची. अंधाऱ्या, वेगाच्या रस्त्यावर ती रास्तच आहे. तिथे मागचा लाल दिवा हवाच. पण शहरातल्या वर्दळीत खरी गडबड होते ती चौकात आणि उभ्या गाड्यांच्या कडेला.

ताशी 18 किमी म्हणजे सेकंदाला 5 मीटर. समोर काही दिसल्यापासून बोटं ब्रेक आवळेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे वेग कमी व्हायला लागण्याआधीच 5 ते साडेसात मीटर संपलेले असतात. उभ्या कारचं दार तर तुम्ही दोन मीटरवर असतानाही उघडतं. तिथे ब्रेक कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. म्हणून हँडलचं टोक उभ्या गाड्यांपासून निदान मीटरभर लांब ठेवावं. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. दोन गाड्यांमधल्या रिकाम्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येणं मात्र टाळाच. मागच्याच्या दृष्टीने तुम्ही अचानक उगवता.

सिग्नलला थांबलेल्या ट्रक-बसच्या कडेने पुढे सरकू नये. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. शिवाय वळताना लांब गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, त्यामुळे मघाशी मोकळी असलेली कडेची जागा बघता बघता मिटते. मागेच थांबावं.

पावसात रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीवर (रिमवर) रबर दाबणारा ब्रेक, उशिरा पकडतो. उताराआधीच हलके दाबून रिम पुसून घ्यावी. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं सरळ ओलांडावीत. त्यांवर ना ब्रेक, ना वळण. एरवी लिव्हर हँडलला टेकत असेल तर वायर ओढून घ्या, आणि ब्रेकच्या रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर रबर बदला.

फ्लुरोसंट जाकीट दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतं, रात्री त्याचा फारसा उपयोग नाही. रात्री रिफ्लेक्टिव्ह पट्टी हवी, तीही घोट्याला: पेडलसोबत वरखाली होणारी पट्टी बघून ड्रायव्हरला सायकलवाला चटकन ओळखू येतो.

आता सवयींबद्दल. ‘रोज असाच जातो, काही होत नाही’ हा पुरावा फार कच्चा. त्यापेक्षा करकचून ब्रेक कुठे दाबावा लागतो ते बघा. पुन्हापुन्हा तोच चौक निघाला, तर एक गल्ली आधीच वळा. पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील.