थेंबभर पू आणि वाकडा झालेला चेहरा

भरपूर वाहणाऱ्या कानापेक्षा वर्षानुवर्षे थेंबभरच, पण दुर्गंधीयुक्त पू येणारा आणि अजिबात न दुखणारा कान मला अधिक धास्तावतो. त्या सकाळी ओपीडीत आलेल्या तरुणीचा उजवा कान लहानपणापासून असाच फुटत होता. औषधाचे थेंब घातले की थांबायचा, बंद केले की पुन्हा वाहायचा. घरच्यांनी तिला आणले होते ते मात्र कानासाठी नव्हे. आदल्या दिवसापासून तिचा उजवा डोळा मिटत नव्हता आणि चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळत होते. चक्कर येते का, असे विचारल्यावर तिची आई म्हणाली, "कान पुसायला बोट घातलं की भिंत धरते, डॉक्टर."

मी कानाच्या छिद्रापुढची कूर्चा हलकेच आत दाबली आणि तिची बुबुळे झटके देत हलू लागली. म्हणजे, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेचे हाड झिजून तिला भोक पडले होते.

सूक्ष्मदर्शकाखाली पू ओढून घेतल्यावर पडद्याच्या वरच्या भागात पांढऱ्या पापुद्र्यांनी भरलेला खळगा दिसला. हा कोलेस्टिएटोमा. ही कर्करोगाची गाठ नव्हे. नको त्या जागी वाढलेली त्वचाच असते. मध्यकर्णात हवा नीट पोहोचली नाही की पडदा आत ओढला जातो, त्याची पिशवी बनते, तिच्यात मृत त्वचा साचत जाते आणि ती पिशवी आजूबाजूचे हाड पोखरू लागते. वरच्या पातळ हाडापलीकडे मेंदू असतो आणि मागे मोठी रक्तवाहिनी, म्हणूनच मेंदूज्वर, मेंदूतील गळू, त्या वाहिनीत रक्ताची गुठळी अशी संकटे ओढवतात. तिला ताप, उलटी किंवा डोकेदुखी नव्हती, याचा मला मोठा दिलासा वाटला. थेंबांनी वरवरचा जंतुसंसर्ग शमतो, पिशवी मात्र जागची हलत नाही. हे मी प्रत्येक रुग्णाला आवर्जून सांगतो.

सीटी स्कॅननंतर लगेच शस्त्रक्रिया ठरली. कानामागून छेद घेऊन मॅस्टॉइडचे हाड ड्रिलने कोरताना पाण्याची धार सतत सोडावी लागते, कारण कानातूनच जाणारी चेहऱ्याची नस ड्रिलच्या उष्णतेनेही भाजू शकते. आत, आवाज पुढे पोहोचवणाऱ्या तीन इवल्या हाडांपैकी ऐरण जवळपास नाहीशी झाली होती, हातोड्याचे डोके अर्धे झिजले होते; रिकीब तेवढी शाबूत होती. रिकिबीच्या थोडे वर चेहऱ्याच्या नसेवरचे हाडाचे आवरण उरलेच नव्हते आणि सुजलेली, लालसर नस थेट पिशवीला टेकली होती. तिच्यावरून पिशवी मिलिमीटर मिलिमीटरने सोडवताना सगळे थिएटर गप्प होते. भोक पडलेल्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचा पापुद्रा मी मुद्दाम शेवटी ठेवला. तेथे सक्शन लागले तर उरलेसुरले ऐकू येणेही कायमचे जाऊ शकते. पाण्याखाली तो उचलला आणि कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण त्या भोकावर तत्क्षणी बसवले. बाह्य कर्णनलिकेची मागची भिंत काढून पोकळी बाहेरून दिसेल अशी मोकळी केली.

चेहरा काही आठवड्यांत हळूहळू सरळ झाला. तोवर डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब आणि रात्री पट्टी, हे तिच्या आईने नेमाने सांभाळले. आता ऐकू येणे सुधारण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करायची की श्रवणयंत्र द्यायचे, हे ठरेल ते एमआरआयमध्ये पिशवीचा अंश पुन्हा वाढलेला नाही याची खात्री झाल्यावरच. आणि पोकळी साफ करून घ्यायला तिला यापुढेही नियमित यावे लागेल.