तुम्ही विचारलंत म्हणून: वेगासचं जुनं कार्ड नेमकं कधीचं?

‘लास वेगासचं हे जुनं पोस्टकार्ड कुठल्या सालचं?’ असं विचारणारे बहुतेक जण आधी मागचा डाकेचा शिक्का दाखवतात. शिक्का फक्त कार्ड पेटीत कधी पडलं ते सांगतो. फोटो कधी काढला आणि कार्ड कधी छापलं, ही सालं निराळी. एकच फोटो वर्षानुवर्षं छापला जायचा.

फोटोचं साल पाट्यांवरून काढायचं. फ्रीमाँट स्ट्रीटचं रात्रीचं कार्ड घ्या. निऑनचा काउबॉय ‘वेगास विक’ दिसतोय, म्हणजे फोटो १९५१ च्या आधीचा नाही. त्याच फोटोत ‘मिंट’ कॅसिनोची पाटी असेल तर १९५७ च्या आधीचा नाही, आणि मिंटचा उंच टॉवर नसेल तर १९६५ च्या नंतरचा नाही. आठ वर्षांवर आलो. आता रस्त्यावरची सगळ्यात नवी गाडी शोधा. जुन्या गाड्यांवर जाऊ नका, त्या दहा-दहा वर्षं फिरत असतात. स्ट्रिपच्या, म्हणजे हॉटेल-कॅसिनोंच्या मोठ्या रस्त्याच्या, फोटोत ‘एल रँचो वेगास’ हॉटेल धड उभं असेल तर जून १९६० च्या आधीचा. त्या महिन्यात ते जळालं. पाटीवरची कलाकारांची नावं वाचता आली तर सोन्याहून पिवळं. सँड्स हॉटेलच्या पाटीवर सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस, लॉफर्ड आणि बिशप एकत्र असतील, तर बहुधा १९६० चे सुरुवातीचे आठवडे. खात्री करायला त्या वेळच्या वर्तमानपत्रांतल्या शोच्या जाहिराती ताडून बघा.

छपाईचं साल मागे सापडतं. छापील मजकुरात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेचा पिनकोड) असेल तर कार्ड जुलै १९६३ किंवा त्यानंतर छापलेलं. कर्ट टाइक कंपनीच्या खरखरीत ‘लिनन’ कार्डावर समजा ‘६बी-एच’ने सुरू होणारा क्रमांक आहे: ए म्हणजे तिशीचं दशक, बी म्हणजे चाळिशीचं, आधीचा आकडा त्या दशकातलं वर्ष, म्हणून हे १९४६ चं. पण या कार्डांच्या रंगांवर अजिबात विसंबू नका. मूळ फोटो बहुधा कृष्णधवल असायचा, रंग छापखान्यात चढायचे, आणि विजेच्या तारा, नको त्या गाड्या तिथेच पुसल्या जायच्या. गुलाबी संध्याकाळ हा बऱ्याचदा छापखान्याचाच प्रताप.

‘मूळ फोटो’ म्हणून कुणी विकत असेल तर दहापट भिंगातून बघा. ओळीत ठिपके दिसले तर ती छपाई. विस्कटलेले, फवारल्यासारखे दिसले तर आजचा इंकजेट. कृष्णधवल प्रिंट अंधारात अतिनील टॉर्चखाली धरा. डिसेंबर १९४६ मधल्या फ्लेमिंगो हॉटेलच्या उद्घाटनाचा म्हणून दिलेला कागद निळसर-पांढरा चमकला, तर प्रिंट नंतर काढलेला आहे, कारण फोटोच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं पन्नाशीच्या दशकात आली. न चमकणं मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे. आजही असा कागद मिळतो.

शहराच्या न्यूज ब्युरोचे प्रिंट वेगळे. अणुस्फोटाच्या ढगाच्या आकाराचा कापूस पोहण्याच्या पोशाखावर लावलेल्या नर्तकीचा डॉन इंग्लिशने १९५७ साली काढलेला फोटो त्यातलाच. असे फोटो वर्तमानपत्रांना फुकट जायचे, कारण छापून आले की शहराची जाहिरात आपोआप व्हायची. म्हणून मागचा शिक्का आणि चिकटवलेली टंकलिखित ओळ आधी बघा. ती खरवडून काढलेला प्रिंट कमी भावातही घेऊ नका.