खिशातला चाळीसपट झूम

तारेवर बसलेला खंड्या माझ्यापासून तीसेक पावलांवर होता आणि ऊन चांगले वर आले होते. जाकिटाच्या खिशातून कॅमेरा काढला, लेन्स पूर्ण लांबवली आणि पडद्यावर पाहिले, तर त्याच्या चोचीत आडवा धरलेला मासाच नव्हे, तर त्या माशाचा डोळाही दिसत होता. त्याच दिवशी दिवेलागणीनंतर त्याच कॅमेऱ्याने घरातल्या मंडळींचा फोटो काढला, तेव्हा चेहऱ्यांवर बारीक रेती पसरल्यासारखे दाणे उमटले, आणि ते पुसण्याच्या खटपटीत कॅमेऱ्याने अंगावरच्या स्वेटरची वीणही मेणासारखी सपाट करून टाकली. एकाच यंत्राची ही दोन रूपे आहेत आणि दोहोंचे कारण एकच, ते म्हणजे त्याचा इवलासा सेन्सर, लेन्समधून आलेला प्रकाश टिपणारा आतला तुकडा.

खिशात मावणाऱ्या, पण लांब झूम असलेल्या या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत १/२.३ इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो. या नावावरून त्याच्या मापाचा काहीही बोध होत नाही. प्रत्यक्षात तो साधारण ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरच्या, अर्थात जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, क्षेत्रफळाचा जेमतेम तिसावा हिस्सा. कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस या २०१८ सालच्या कॅमेऱ्याची लेन्स २४ ते ९६० मिलिमीटरची आहे असे आपण म्हणतो, पण तो केवळ फुल फ्रेमच्या भाषेत केलेला हिशेब असतो. तिची खरी फोकल लेंथ, म्हणजे दूरचे किती जवळ दिसेल हे ठरवणारे लेन्सचे माप, ४.३ ते १७२ मिलिमीटर एवढीच आहे. फुल फ्रेमवर एवढी पोहोच हवी असेल, तर हातभर लांबीची आणि काही किलो वजनाची लेन्स तिवईवर चढवावी लागते. इथे बॅटरी आणि कार्ड धरून सगळे मिळून तीनशे ग्रॅम भरतात, आणि ही करामत सर्वस्वी सेन्सर लहान असण्याची आहे. त्यामुळे लहान सेन्सरला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही.

हिशेबाची दुसरी बाजू लेन्सच्या कडेवर छापलेली असते आणि तीच वाचायची राहून जाते. खोक्यावर झूमचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. लेन्सच्या कडेवर बारीक अक्षरांत १:३.३-६.९ असे, म्हणजे एफ/३.३ ते एफ/६.९, लिहिलेले असते. हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जेवढा मोठा, तेवढे छिद्र बारीक. याचा अर्थ असा, की झूम पूर्ण लांबवल्यावर सेन्सरवर पडणारा प्रकाश रुंद टोकाच्या, म्हणजे झूम न लांबवलेल्या स्थितीच्या, तुलनेत पाव हिश्श्याहूनही कमी होतो. शिवाय एफ/६.९ ला प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना त्याचे पसरणे, आडवे येते. अतिशय बारीक अशा प्रकाशबिंदूची प्रतिमादेखील या अ‍ॅपर्चरला सुमारे नऊ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) व्यासाच्या ठिपक्याएवढी पसरते, तर दोन कोटी पिक्सेलच्या अशा सेन्सरवरचा एक पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रॉनचा असतो. एका ठिपक्याने सातआठ पिक्सेलांची रुंदी व्यापल्यावर मेगापिक्सेल वाढवून काय साधणार? म्हणून लांब टोकाचे फोटो पूर्ण आकारात उघडून त्यांवर नाराज होऊ नये. ते पडदाभर पाहण्यासाठी किंवा मध्यम आकारात छापण्यासाठी असतात, आणि तेवढ्यात ते समाधानकारक दिसतात.

हात स्थिर ठेवणे हा वेगळाच अभ्यास आहे. ९६० मिलिमीटरला चौकटीत येणारे दृश्य आडवे जेमतेम दोन अंशांचे असते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याआड जेवढे झाकले जाते, साधारण तेवढेच. एवढ्याशा खिडकीत पक्षी शोधताना तो केव्हाच उडून जातो. काही कॅमेऱ्यांत एक बटण दाबून धरले की झूम क्षणभर मागे येतो आणि सोडले की पुन्हा पूर्वीच्या जागी जातो. माझ्या मते ही सोय जास्तीच्या दहापट झूमहून मोलाची आहे. लेन्समधले कंपनरोधन हाताची थरथर पुष्कळच शोषून घेते, पण पक्ष्याची मान वळणे त्याला थांबवता येत नाही, त्यासाठी शटरचा वेगच लागतो आणि वेगासाठी प्रकाश लागतो. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असेल तर कॅमेरा कपाळाशी टेकतो, दोन्ही कोपरे बरगड्यांशी येतात आणि तीन ठिकाणी आधार मिळतो. नसेल तर भर उन्हात चकाकणाऱ्या पडद्याकडे पाहत, हात पुढे ताणून, अंदाजाने नेम धरावा लागतो. शिवाय दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरत असते, आणि तिच्यातून दूरचे काही टिपायचे झाल्यास कोणतीच लेन्स कामी येत नाही.

एक इंची सेन्सरचे कॅमेरे हा मधला मार्ग आहे. या सेन्सरचे माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असते, म्हणजे क्षेत्रफळ आधीच्या चौपट. पॅनासॉनिकचा टीझेड१०० २०१६ मध्ये २५ ते २५० मिलिमीटरची लेन्स घेऊन आला, तर २०१८ मध्ये टीझेड२०० ने ही पोहोच ३६० पर्यंत नेली आणि त्याच वर्षी सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतल्या सहाव्या कॅमेऱ्याने २०० वर थांबून एफ/४.५ एवढे उघडे अ‍ॅपर्चर राखले. मला सोनीची ही निवड अधिक शहाणपणाची वाटते, कारण प्रवासातले बहुतेक फोटो २०० च्या आतच उरकतात. पक्ष्यांचा नाद असणाऱ्याला मात्र हे पटणार नाही, आणि त्याचेही बरोबर आहे: ३६० ला काढलेला दोन कोटी पिक्सेलचा फोटो ९६० एवढा जवळ दिसेपर्यंत कातरला, तर हाती तीस लाखांहूनही कमी पिक्सेल उरतात.

मग फोनच का नको, हा प्रश्न रास्त आहे. मंद प्रकाशात फोन अनेक चौकटी टिपून त्या एकमेकींवर बसवतो आणि आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर १/२.३ इंचीपेक्षा मोठाही असतो, त्यामुळे संध्याकाळनंतर मी कॅमेरा खिशातून काढतच नाही. पण फोनच्या मुख्य लेन्सचे दृश्य कातरून दहापट जवळ आणले की पिक्सेल शंभरावा हिस्सा उरतात. जोडीला असलेली टेलिफोटो, म्हणजे दूरचे टिपणारी, लेन्स तीनपट किंवा पाचपटीपर्यंत साथ देते आणि त्यापुढचे काम बरेचसे सॉफ्टवेअरच्या तर्कावर चालते.

माझी खरी तक्रार धुळीची आहे. मागेपुढे सरकणारी लेन्स लोहाराच्या भात्यासारखी हवा आत ओढते आणि तिच्यासोबत खिशातले तंतू, वाळू, जे असेल ते आत जाते. माझ्या दुसऱ्या कॅमेऱ्यात, तो एक इंची सेन्सरचा होता, वर्षभरातच प्रत्येक आकाशात एक करडा डाग दिसू लागला. रुंद दृश्यात तो पुसट असे आणि झूम लांबवला की, अ‍ॅपर्चर बारीक झाल्यामुळे, ठसठशीत होई. लेन्स सुटी होत नसल्याने सेन्सर स्वतः पुसण्याची सोय नाही. दुरुस्तीला दिला, डाग गेला आणि चार महिन्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात नवा आला. तेव्हापासून कॅमेरा खिशात घालण्याआधी एका पातळ पिशवीत घालतो, म्हणजे खिशात मावण्याचा निम्मा आनंद गेला, पण डाग परवडत नाहीत.

२००६ साली पॅनासॉनिकच्या टीझेड१ ने दहापट झूम कोटाच्या खिशात आणला तेव्हा ती नवलाई होती. आता नवे कॅमेरे क्वचितच येतात, आणि २०२५ च्या टीझेड९९ मध्ये चार्जिंगचे तोंड नव्या पद्धतीचे आले, पण आधीच्या टीझेड९५ मध्ये असलेला व्ह्यूफाइंडर काढून टाकला गेला. त्यामुळे वापरलेला कॅमेरा घेण्याची वेळ येतेच. घेताना झूम पूर्ण लांबवावा, अ‍ॅपर्चर होईल तेवढे बारीक करावे, मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि तो मोठा करून चारही कोपरे तपासावेत. मग लेन्स पाचसहा वेळा आतबाहेर करून हाच फोटो पुन्हा काढावा, कारण डाग कधीकधी जागा बदलतो.