खड्ड्यात पडलेला सेवक

पाप म्हणजे कर्ज आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, ही त्याची फेड, हे चित्र ख्रिस्ती घरांत वाढलेल्या आम्हा अनेकांच्या मनात इतके घट्ट रुजलेले असते की ते मुळात एक चित्र आहे, याचाच विसर पडतो. कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात ते मोठ्या तर्कशुद्धपणे मांडले. देवाला द्यायचा मान माणसाने दिला नाही आणि ती भरपाई करणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून देव माणूस झाला. धनी आणि त्याचे अंकित यांच्या मानमर्यादेवर उभ्या असलेल्या तत्कालीन युरोपला हे सहज पटण्यासारखे होते. सिद्धांत जर अशा कल्पनेच्या आधाराने उभा राहत असेल, तर कल्पना बदलल्यावर त्याचे काय होते, हे इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरातील ज्युलियन या स्त्रीच्या लेखनात पाहायला मिळते.

मे १३७३ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ती मरणपंथाला लागली असताना धर्मगुरूने तिच्या डोळ्यांसमोर क्रूस धरला आणि तिला सोळा दर्शने झाली. पुढे ती चर्चला लागून असलेल्या एका खोलीत स्वतःला कायमचे बंदिस्त करून प्रार्थनेत राहिली. पापी माणूस दोषास आणि कोपास पात्र आहे, ही चर्चची शिकवण तिला मान्य होती. पण दर्शनात तिला देवाच्या ठायी कोप कुठेच दिसला नव्हता. दोन्ही खरे कसे, या तिच्या विचारण्याला उत्तर मिळाले ते एका दृष्टान्ताच्या रूपाने, आणि त्याचा अर्थ उलगडायला तिला जवळजवळ वीस वर्षे लागली.

एक धनी उजाड रानात जमिनीवर बसला आहे. त्याचा सेवक समोर उभा आहे. अंगात एकच अंगरखा, तोही जुना, तोकडा, घामाने डागाळलेला. धनी त्याला कामाला पाठवतो आणि सेवक प्रेमापोटी इतक्या लगबगीने धावत सुटतो की खड्ड्यात पडतो आणि जबर जखमी होतो. तो कण्हतो, तळमळतो. पण त्याचे सर्वांत मोठे दुःख हे की त्याला मान वळवून धन्याकडे पाहता येत नाही. धनी अगदी जवळ असतो आणि त्याच्याकडे मायेनेच पाहत असतो.

हा सेवक बायबलमधला पहिला माणूस आदाम आहे, म्हणजे आपण सगळेच, आणि तोच ख्रिस्तही आहे. आदाम पापात पडला तेव्हा देवाचा पुत्रही मरियेच्या उदरात उतरला, असे ज्युलियन म्हणते. दोन्ही पडणी तिला एकच दिसतात. मला हे विलक्षण वाटते, कारण येथे तारणारा वरून दोर सोडत नाही, तो त्याच खड्ड्यात, तोच मळका अंगरखा घालून असतो. ख्रिस्ताला ती आई म्हणते, तेव्हा माउलीला हाक मारत वाढलेल्या मराठी माणसाला ते मुळीच परके वाटू नये. नारायण वामन टिळकांनीही ख्रिस्ताला माउली म्हणून आळवले आहे.

तरीही एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. ज्युलियनचा सेवक प्रेमाने धावताना पडतो, पण जाणूनबुजून दुसऱ्याला लुबाडणाऱ्याचे, मारणाऱ्याचे काय? तिने पापाला सौम्य लेखलेले नाही. नरकयातना आणि पाप यांतून निवड करायची झाली तर यातना पत्करीन, असे ती स्पष्ट सांगते. मात्र ज्याला कोणीतरी खड्ड्यात ढकलले, त्याला या दृष्टान्तात जागा सापडत नाही. त्याच्यासाठी मी अन्सेल्मकडे परततो, कारण जे हिरावले गेले त्याची भरपाई झाल्यावाचून सुटका नाही, असा त्यांचा आग्रह आहे, आणि लुबाडल्या गेलेल्या माणसाला तो आग्रह सोडून चालणार नाही.